बैठकीतली शांतता

प्रश्न : तीनशे कर्मचाऱ्यांच्या एका कंपनीची सूत्रे मी आठ महिन्यांपूर्वी हाती घेतली. आल्याबरोबर ‘मोकळेपणा’ आणि ‘जबाबदारी’ ही मूल्ये निश्चित केली, कार्यशाळा घेतल्या, भिंतींवर फलक लावले. तरीही आढावा बैठकीत सारे काही आलबेल असल्याचे सांगितले जाते आणि खरी अडचण ग्राहकाची तक्रार आल्यावरच मला कळते. जुनी माणसे बदलल्याशिवाय संस्कृती बदलणार नाही, असे काही सहकारी सुचवतात. मी काय करावे?

उत्तर : माणसे बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. बैठकीतली शांतता हा त्या माणसांचा स्वभाव नसून त्यांनी अनुभवातून घेतलेला धडा असण्याची शक्यता अधिक आहे. गेल्या काही वर्षांत ज्यांनी वाईट बातमी वेळेवर सांगितली, त्यांचे पुढे काय झाले, हे एकेकाशी स्वतंत्रपणे बोलून जाणून घ्या. कुणाची बढती हुकली असेल, कुणाला सर्वांसमक्ष फैलावर घेतले असेल, तर कुणाच्या गळ्यात ती अडचण निस्तरण्याचे काम एकट्याच्याच पडले असेल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा जिथे अलिखित नियम आहे, तिथे भिंतीवरच्या फलकाला कोण विचारतो? संस्थांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाइन यांनी तिचे तीन स्तर सांगितले आहेत : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, उच्चारलेली मूल्ये आणि ज्यांचा उच्चारही करावा लागत नाही अशी खोलवरची गृहीतके. आपले आठ महिने पहिल्या दोन स्तरांवरच खर्ची पडले आहेत.

माणसे तीच असूनही संस्कृती बदलू शकते, याचा दाखला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या मोटार कारखान्यात मिळतो. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा गैरहजेरी, तंटे आणि सदोष गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते आणि त्यांची संघटनाही तीच होती. पूर्वी काहीही झाले तरी उत्पादन थांबवायचे नाही, असा दंडक होता; आता दोष दिसताच डोक्यावरची दोरी ओढून मदत मागण्याचा आणि गरज पडल्यास काम थांबवण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळाला. थोड्याच काळात हजेरी आणि गाड्यांचा दर्जा या दोहोंत मोठी सुधारणा झाली. त्या उपक्रमात सहभागी असलेले जॉन शूक यांनी पुढे मांडले की, आधी विचार बदलून मग वर्तन बदलण्याची वाट पाहू नये. वर्तन बदलले की विचार मागाहून बदलतात. माझ्या मते त्यात दोरीपेक्षा दोरी ओढल्यावर धावत येणाऱ्या गटप्रमुखाचे महत्त्व अधिक आहे, कारण तो जाब विचारायला न येता मदतीला येत असे. दोरी काय, कुठेही टांगता येते.

आपल्याकडे ही दोरी म्हणजे आढावा बैठकीची पहिली दहा मिनिटे असू शकतील. ती केवळ अडलेल्या कामांसाठी राखून ठेवा आणि ‘हे कोणामुळे झाले?’ याऐवजी ‘कोणती मदत हवी?’ असे विचारा. सुरुवात स्वतःच्या एखाद्या चुकीपासून करा. मात्र ती खरोखर महागात पडलेली चूक असावी, ‘मी फार काम अंगावर घेतो’ अशा छापाची कबुली नको. पहिली खरी वाईट बातमी येईल, तेव्हा साऱ्यांचे लक्ष बातमीपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे असेल. त्या दिवशी आपण चिडलात, तर ये रे माझ्या मागल्या. (निनावी सूचनापेटी ठेवण्याचा मोह होईल, पण मला ती पसंत नाही : नाव सांगणे इथे धोक्याचे आहे, हेच ती रोज सर्वांना आठवण करून देते.)

खरी कसोटी पुढच्या बढत्यांच्या वेळी लागेल. आकडे उत्तम आणणारा, पण हाताखालच्यांची तोंडे बंद ठेवणारा एखादा विभागप्रमुख आपल्याकडेही असेल. त्याला स्पष्ट समज देऊन ठरावीक मुदत द्या आणि तरीही फरक पडला नाही, तर त्याला त्या पदावरून हलवा. माणूस बदलण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे येतो. अशा माणसाला बढती मिळाली, तर आपल्या सगळ्या कार्यशाळा पालथ्या घड्यावरचे पाणी ठरतील.

प्रश्न : मी कंपनीचा प्रमुख नाही, बारा जणांच्या एका गटाचा प्रमुख आहे. वरचे वातावरण तसेच असताना मी गटात काही बदलू शकतो का?

उत्तर : गटापुरते बरेच काही बदलू शकता. गटातील चूक वर सांगताना ‘आमच्याकडून झाली’ असे म्हणून जबाबदारी स्वतःकडे घ्या आणि कुणा एकाचे नाव पुढे करू नका. मात्र गटाबाहेरही असेच संरक्षण मिळेल, असे आश्वासन सहकाऱ्यांना देऊ नका, कारण ते पाळणे आपल्या हाती नाही आणि ते मोडले, तर आपल्या खोलीतही पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.