पास्टरांना प्रश्न विचारला, म्हणजे बंड केलं का?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून एक काळजी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. पास्टर म्हणाले होते ही नोकरी घेऊ नको, मी घेतली, आता काही वाईट होईल का? मंडळी, म्हणजे चर्च, बदलायची आहे, पण पास्टर आशीर्वाद देऊन सोडत नाहीत, मग काय करू? पाळकांबद्दल मनात शंका येते, हे पाप आहे का? विचारणारी माणसं चांगली शिकलेली असतात, कंपनीत दहा जणांना हाताखाली घेऊन काम करणारीही असतात. पण या एका प्रश्नापाशी आवाज खाली येतो.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, ताई म्हणते.

ताई हडपसर भागात राहतात, एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. माहेर नगर जिल्ह्यातलं. तिथल्या जुन्या दगडी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा झालेला, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. लग्नानंतर पुण्यात आल्यावर त्या आणि नवरा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका स्वतंत्र मंडळीत जाऊ लागले. तिथे त्यांना खूप मिळालं, हे त्या पहिल्यांदाच बजावून बोलल्या. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा पास्टरांनी घरी येऊन प्रार्थना केली, किराणा पोचवला. त्यामुळे पुढचं जे झालं ते त्यांना जास्त जड गेलं.

झालं ते एवढंसंच होतं. मे महिन्यात मुलांचं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतलं बायबल शिबिर, झालं. आयांकडून पैसे गोळा करायचं काम ताईंकडे होतं. त्यांनी ते वहीत नावानिशी लिहून खजिनदारांकडे दिले. खजिनदार म्हणजे पास्टरांचे मेहुणे. रंग, कागद, मुलांच्या पिशव्या बोहरी आळीतून उधारीवर आणल्या होत्या आणि दुकानदाराकडे नंबर ताईंचा होता. जून उलटला तरी पैसे पोचले नाहीत. दुकानदार फोन करू लागला, तोही ड्यूटीच्या वेळेत. एका रविवारी उपासनेनंतरच्या बैठकीत ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “त्या दुकानदाराचे पैसे कधी द्यायचे?”

पुढच्या रविवारी पास्टरांचा संदेश, म्हणजे प्रवचन, कोरहावर होता. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला कोरह, मोशेविरुद्ध उठला आणि जमिनीने तोंड उघडून ज्याला गिळलं, तो. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण हॉलमधल्या माना ताईंकडे वळल्या. संध्याकाळी संडे स्कूलच्या शिक्षिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांचं नाव काढलं गेलं. मग ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या, आणि मंडळीतली एक मैत्रीण भेटायला येऊन मायेनेच म्हणाली, “एकदा पास्टरांची माफी मागून टाक गं.”

मुलगा बरा झाला. ताईंची झोप मात्र गेली. रात्री दोनला छाती धडधडायची, हाताला घाम यायचा. ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक. फिजिशियनने माझ्याकडे पाठवलं.

त्यांचा पहिला प्रश्न तयारच होता. “मॅडम, मी बंड केलं का?”

अशा वेळी ‘छे, तुमचं काही चुकलं नाही’ असं म्हणण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग होत नाही. ज्या माणसाला भीती देवाची आहे, त्याला समुपदेशकाच्या प्रमाणपत्राने धीर कसा येणार? आणि श्रद्धा बाजूला ठेवा, आपण फक्त मनाबद्दल बोलू, असंही म्हणता येत नाही, कारण ताईंचं मन त्या श्रद्धेतच घडलेलं आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे पवित्र शास्त्र टेबलावर ठेवून बोलणं मला अवघड गेलं नाही. पण सुरुवात त्यांच्या वॉर्डपासून केली.

“डॉक्टरांनी चार्टवर डोस लिहिला आणि तो तुम्हाला जास्त वाटला, तर काय करता?”

“विचारते. विचारल्याशिवाय देत नाही.”

“डॉक्टर चिडले तर?”

“चिडतात काही काही. पण पेशंट माझ्यापुढे असतो ना.”

“मग त्या डॉक्टरांचं ऐकणं सोडता का?”

त्या थोडं हसल्या. “नाही हो. दिवसभर त्यांचंच तर ऐकत असते.”

यावर मी काही भाष्य केलं नाही, फक्त घरी एक काम दिलं. त्या बैठकीत नेमकं काय विचारलं, कुणाला विचारलं, आवाज कसा होता आणि ते विचारून काय मिळवायचं होतं, हे सगळं लिहून आणायचं. ताईंनी व्हीबीएसचीच वही आणली. एका पानावर मुलांची नावं आणि पुढे रक्कम, मागच्या कोऱ्या पानावर हे टिपण. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: “दुकानदाराचा फोन बंद व्हावा.” मी विचारलं, यातून कोणती आज्ञा मोडली? बराच वेळ गेला. “सगळ्यांसमोर विचारलं, ते कदाचित बरोबर नव्हतं,” त्या म्हणाल्या. मला ते पटलं. पण रीत चुकणं वेगळं आणि देवाविरुद्ध उठणं वेगळं. या दोन्हींची गाठ त्यांच्या मनात इतकी घट्ट बसली होती की ती सोडवण्यातच आमचा बराच वेळ गेला.

नंतर आम्ही तो कोरहाचा अध्याय उघडला. कोरह याजकपद मागत होता, मोशे आणि अहरोन यांच्या जागेवर त्याचा डोळा होता. ताईंना दुकानदाराचं बिल भरायचं होतं. तिथलीच पंधरावी ओवी, म्हणजे वचन, मी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. मोशे देवाला म्हणतो, मी यांच्यापैकी कोणाचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. ताई थांबल्या, ती ओवी परत वाचली. इतके संदेश ऐकले, ही कधी कुणी वाचून दाखवली नव्हती, म्हणाल्या.

शमुवेल संदेष्टाही म्हातारपणी लोकांपुढे उभा राहून हेच विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, सांगा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली मदत न्यायची होती तेव्हा पौलाने मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतला, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने तसं स्पष्ट लिहिलं आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली, तर प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांवर संदेश दिला नाही. सात माणसं निवडायला लावली आणि काम त्यांच्या हाती दिलं.

तरीही ताईंच्या मनात एक ओवी रुतून बसली होती, इब्री १३:१७. आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. ही ओवी आहे, आणि ती आहे असंच मी धरते. मंडळीला पुढारी लागतो, शिस्त लागते, आणि जो माणूस कधीच कुणाचं ऐकत नाही त्याची श्रद्धा मला काही फार मोठी वाटत नाही. पण त्याच वाक्याचा पुढचा भाग सांगतो की या पुढाऱ्यांना तुमच्या जिवांबद्दल जाब द्यायचा आहे. आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्रात वडिलांना, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बजावतो की कळपावर धनीपण गाजवू नका. तो पेत्रही जाबातून सुटला नाही. अंत्युखियात तो यहुदी नसलेल्यांबरोबर जेवायचा बंद झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, आणि तेही सर्वांसमोर.

‘अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नये’ हे वाक्यही असंच अर्धवट फिरतं. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला मारलं नाही, हे खरं. पण त्याने शौलाला दुरून हाक मारून जाब विचारला, आणि समेट झाल्यावरही त्याच्या घरी परत राहायला गेला नाही.

माझ्या कामात मी आज्ञाधारकपणा आणि भीती यांतला फरक एका ठिकाणी तपासते. नाही म्हटल्यावर काय होतं? ज्या घरात, ज्या मंडळीत ‘नाही’ किंवा ‘का?’ म्हटल्यावर नाराजी होते, वाद होतो, दोन दिवस अबोला होतो, तिथे माणसं राहतात. ‘का?’ म्हटल्यावर आजारपण येईल, मुलाला काही होईल, असं जिथे सांगितलं जातं, तिथे शरीर आधी बोलतं. झोप, छाती, पोट. ताई नर्स असूनही डेंग्यूच्या डासाला विसरल्या होत्या. त्यांच्याच वॉर्डमध्ये त्या आठवड्यात डेंग्यूची किती मुलं होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारलं होतं की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? त्याने दोन्हीला नाही म्हटलं. तो अध्याय त्यांना पाठ होता, फक्त स्वतःला लावलेला नव्हता. झोपेसाठी काही आठवडे मानसोपचारतज्ज्ञांचं औषधही लागलं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं मंडळीत म्हणतात, पण रोज इतरांना गोळ्या देणाऱ्या बाईंना ते समजावणं त्या मानाने सोपं गेलं.

पास्टरांबद्दलही दोन शब्द. त्यांना मी भेटलेले नाही. पण स्वतंत्र मंडळी चालवणाऱ्या माणसाची कोंडी मला दिसते. वर बिशप नाही, बरोबरीला सहकारी नाही, हॉलचं भाडं दर महिन्याला उभं, घर दानावर चाललेलं. अशा माणसाला साधा प्रश्नही खुर्ची ओढल्यासारखा वाटू शकतो. मोठ्या, जुन्या मंडळ्यांत सगळं आलबेल असतं असंही नाही. तिथे गट असतात, निवडणुका असतात, मिळकतींवरून कोर्टकचेऱ्या असतात. फरक एवढाच की तिथे तक्रार घेऊन जायला निदान एखादं दार असतं.

पुण्यात हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथे त्यांना आसरा देणाऱ्या भगिनी, म्हणजे अँग्लिकन जोगिणी, त्याच, ज्यांचं काम पुण्यात पंचहौदलाही होतं. त्यांनी रमाबाईंवर माया केली आणि आज्ञेत राहण्याची अपेक्षाही केली. १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनना कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. देवाने मला विवेक आणि बुद्धी दिली आहे. मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी १८९० मध्ये पुण्यात आणलं, पुढे केडगावला मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. ताई लहानपणी केडगावला आजोबांबरोबर गेल्या होत्या. ही पत्रं मात्र त्यांना ठाऊक नव्हती. “म्हणजे त्या प्रश्न विचारून पण राहिल्या,” एवढंच त्या म्हणाल्या. ‘राहिल्या’ म्हणजे देवापाशी, असं मी समजले.

पास्टरांना भेटायचं ताईंनी स्वतः ठरवलं. मी फक्त तालीम करून घेतली. एकट्याने जायचं नाही, नवऱ्याला आणि मंडळीतल्या एका वडिलांना बरोबर घ्यायचं. सगळ्यांसमोर विचारल्याबद्दल दिलगिरी आधी, एका वाक्यात. मग वही पुढे ठेवायची आणि प्रश्न तोच, त्याच शब्दांत. समोरून शापाची भाषा आली तर वाद घालायचा नाही, ‘आम्ही आता निघतो’ म्हणून उठायचं. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेच आलं, हेही सांगून ठेवलं, धमकी म्हणून वापरू नका या अटीवर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. असं शांतपणे जाऊन भेटणं पैशाच्या, कारभाराच्या, बोलण्याच्या प्रश्नांसाठी आहे. हात उगारला असेल, लैंगिक त्रास असेल, मुलाला इजा झाली असेल, तर ‘आधी भावाला एकांतात सांग’ हे मत्तयातलं वचन पुढे करून कुणी थांबवलं तरी थांबू नका. मुलाचं लैंगिक शोषण असेल तर पोक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली पोलिसांना माहिती देणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

भेट झाली. पास्टर आधी तडकले, मग त्या वडिलांनी वही हातात घेऊन पान वाचलं तेव्हा गप्प झाले. दुकानदाराचे पैसे त्याच आठवड्यात पोचले. उरलेल्याचा हिशेब मिळाला नाही. ‘रीत चुकली’ हे पास्टर दोनदा म्हणाले, कोरहाच्या संदेशाबद्दल काही बोलले नाहीत. संडे स्कूलच्या ग्रुपमध्ये ताईंना परत घेतलं, पण त्यांनी यंदा वर्ग घ्यायला नकार दिला. नाही म्हणून त्या घरी गेल्या आणि झोपल्या, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

मंडळी सोडावी की राहावं, हे मी कुणालाच सांगत नाही. ताई सध्या महिन्यातला एखादा रविवार कॅम्पातल्या मराठी उपासनेला जातात, बाकी तिथेच. दशांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, मात्र नवरा-बायकोचं जमलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, पाकीट देवाला द्यायचं, माणसाकडे बघायचं नाही. ताई म्हणतात, पावती मिळेल तिथेच देणार. दोघांनाही वाटतं मी कौल द्यावा, आणि मी तो दिलेला नाही.