अंधेर नगरीच्या गोष्टीत फास कोतवालावरून गोवर्धनदासाकडे कसा जातो?

मध्ये एक दुवा गाळला की ही गोष्ट सांगताना तिथेच अडखळायला होतं. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 1881 च्या नाटकातला क्रम असा: कल्लू वाण्याची भिंत पडून बकरी मेली आणि फिर्याद राजाकडे गेली. वाणी म्हणतो दोष गवंड्याचा, गवंडी म्हणतो चुना खराब. चुनेवाला भिस्त्यावर ढकलतो, कारण त्याने पाणी जास्त ओतलं. भिस्ती म्हणतो, खाटकाने कातड्याची पखालच मोठी केली. खाटीक म्हणतो, मेंढपाळाने मेंढी मोठी विकली. आणि मेंढपाळ? कोतवालाची स्वारी थाटात चालली होती, तिकडे बघताना लहान-मोठी कळलीच नाही! फाशी कोतवालाला.

खरी गंमत पुढे आहे. कोतवाल सडपातळ, फास मोठा. फास लहान करायचं कुणालाच सुचत नाही, गळ्याच्या मापाचा माणूस शोधतात. टके शेर मिठाई खाऊन गुबगुबीत झालेला, महंतांचा चेला गोवर्धनदास आयताच सापडतो. त्यामुळे ‘टके सेर भाजी, टके सेर खाजा’चा, म्हणजे भाजी नि मिठाई एकाच भावाने विकणारा बाजार आधी नीट रंगवा, नाहीतर तो जाड का, हे कळत नाही. महंत त्याला नगरी सोडायला सांगून गेलेले असतात, तेही तेव्हाच येऊ द्या.

शेवटी महंत चेल्याच्या कानात काहीतरी सांगतात आणि दोघं ‘मी फासावर चढणार’ म्हणून भांडू लागतात. कानात काय सांगितलं ते श्रोत्यांना आधी कळू देऊ नका. राजाने विचारल्यावरच महंत म्हणतात, या मुहूर्तावर मरेल तो थेट वैकुंठाला जाईल. मग राजा असताना दुसऱ्या कुणाची टाप आहे पुढे जायची!