वाचकांचे प्रश्न : पाणपक्षी, कॅमेरा आणि दोघांची सहल

प्रश्न : माझे यजमान निवृत्त झाल्यापासून पक्ष्यांची छायाचित्रे काढू लागले आहेत. डिसेंबर लागला की आम्ही वरचेवर पुण्याहून पहाटे भिगवणला जातो. त्यांना माझी सोबत मनापासून हवी असते आणि मलाही घरी बसून राहायचे नसते. परंतु होडीत ते कॅमेऱ्याला डोळा लावून बसतात आणि मी वाऱ्यात कुडकुडत त्यांचे आटोपण्याची वाट पाहते. गेल्या हिवाळ्यातल्या एवढ्या छायाचित्रांत आम्हा दोघांचे एकही नाही. शिवाय डिसेंबरात गेलो तेव्हा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत. या सहली दोघांच्याही कशा होतील?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या यजमानांनी छायाचित्रण कमी करावे, असे मी सुचवणार नाही, कारण अडचण त्यांच्या छंदात नसून आपल्या हाती काहीच काम नसण्यात आहे. लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहणाऱ्याला जलाशयाचा अगदी चिमुकला तुकडा दिसतो. उरलेले सारे पाणी, काठ आणि आकाश पाहायला दुसरे कोणी तरी लागतेच. ते काम आपण घ्यावे, मात्र त्यासाठी आपली स्वतःची दुर्बीण असावी. आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पहाटेच्या अंधुक उजेडातही स्पष्ट दाखवते आणि हलत्या होडीतही बऱ्यापैकी स्थिर राहते. एकच दुर्बीण दोघांत वापरायची तडजोड करू नये.

दुर्बीण हाती आली की वाट पाहण्याचा वेळ आपोआप भरून जातो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून पायाने गाळ ढवळत असतो, तर चमच्या आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवत पुढे सरकत असतो. ज्यांच्या रात्रीच्या विरहाच्या कल्पनेवर संस्कृत कवींनी इतके लिहिले, ते चक्रवाक हिवाळ्यात याच पाण्यावर जोडीजोडीने दिसतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब दिसले की त्यांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे जरूर शोधावेत.

खरी भागीदारी मात्र मासेमार गरुडासारख्या शिकारी पक्ष्याच्या वेळी जमते. हा पक्षी पाण्यावर घिरट्या घालता घालता एका जागी हवेत पंख फडफडवत थबकला, तर तो बहुधा पाय पुढे करून खाली झेपावणार असतो. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला हे आधी कळणे जवळजवळ अशक्य असते. आपण 'उजवीकडे, झाडाच्या वर' एवढे हलक्या आवाजात सांगितले, तर यजमानांना तयारीसाठी मोलाचे काही क्षण मिळतात आणि मग जे चित्र येते ते दोघांचे असते. पाहिलेल्या पक्ष्यांची जात आणि संख्या आपण वहीत टिपून ठेवावी व नंतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवावी. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिला, तेव्हा हे काम दुय्यम मानण्याचे कारण नाही.

आता रोहित पक्ष्यांविषयी. ते उथळ पाण्यात उभे राहून, चोच उलटी बुडवून, चिखलमिश्रित पाण्यातून अन्न गाळून घेतात. भिगवण उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. पाऊस चांगला झाला की हे धरण तुडुंब भरते आणि डिसेंबरात फुगवट्याचे पाणी काठापर्यंत असते, म्हणजे त्यांना उभे राहायला जागाच नसते. पुढे शेतीसाठी पाणी सुटू लागते, पातळी उतरते, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि मग थवे उतरतात. म्हणून धरण भरलेल्या वर्षी रोहितांसाठीची फेरी जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत ठेवावी. निघण्यापूर्वी कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरले आहे हे विचारावे. उगाच इतक्या पहाटे उठून निराश होण्याचा प्रसंग टळतो.

नावाड्याशी आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. थवा लांब असतानाच यंत्र बंद करून होडी बांबूने हळूहळू न्यावी आणि पक्ष्यांनी खाणे थांबवून माना उंच केल्या की तिथेच थांबावे. उडत्या थव्याच्या चित्रासाठी पक्ष्यांना मुद्दाम उठवण्याची पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते, कारण लांबून आलेल्या पक्ष्याने खाऊन साठवलेली शक्ती आपल्या एका चित्रापायी खर्च होते. शांत होडीत यजमानांनाही अधिक चांगली चित्रे मिळतील, कारण कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ असतो आणि पक्षी निर्धास्तपणे वावरत असतात.

थंडीचा त्रास मुख्यतः पाण्यावरच्या वाऱ्यामुळे होतो, त्यामुळे एका जाड स्वेटरपेक्षा आत लोकरी कपडे व वरून वारा अडवणारे जाकीट घालणे अधिक उपयोगी पडते. माकडटोपी आणि हातमोजे हवेतच. भिगवण परिसरातील काही पक्षी-मार्गदर्शकांच्या घरी जेवणाची आणि स्वच्छतागृहाची सोय होते. ती आदल्या दिवशीच ठरवावी. स्त्रियांच्या सहलीचा अर्धा आनंद याच एका गोष्टीवर अवलंबून असतो, हे पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही.

होडीचा कंटाळाच आला असेल, तर एक फेरी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला करावी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून ही पाणथळ जागा तयार झाली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाणारी ती महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली. तेथे निरीक्षण मनोऱ्यावर दोघांनाही शेजारी शेजारी उभे राहता येते, हवे तेव्हा चालता येते आणि जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी व थापट्या बदके निवांतपणे पाहता येतात. निफाडची थंडी मात्र पुण्यापेक्षा कडक असते.

राहता राहिला आपल्या दोघांच्या छायाचित्राचा प्रश्न. ते परतताना काढू म्हटले की राहूनच जाते. तेव्हा उन्ह चढलेले असते आणि चेहऱ्यावर गडद सावल्या पडतात. होडीत बसण्यापूर्वी, सूर्य नुकताच वर आलेला असताना, ऊन एका बाजूने चेहऱ्यावर येईल असे काठावर उभे राहावे. कॅमेरा तिपाईवर ठेवून दहा सेकंदांचा टायमर लावावा, किंवा नावाड्याला विनंती करावी. यजमानांनी भिंग बदलण्याचा आळस केला तर आपण मोबाइल पुढे करावा. त्या प्रकाशात मोबाइलही उत्तम काम करतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला माझ्यासोबत पक्ष्यांची चित्रे काढावीशी वाटतात, पण तिच्याकडे केवळ मोबाइल आहे. दुसरा मोठा कॅमेरा घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात घेऊ नये. आपण नाशिकचे आहात, तेव्हा नांदूर मध्यमेश्वर जवळच आहे. तेथील मार्गदर्शकांकडे तिपाईवर बसवलेली मोठी दुर्बीण असते. तिच्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, मोबाइलचे मुख्य भिंग अलगद टेकवले की लांबच्या पक्ष्याचेही चांगले चित्र मिळते. कडेला काळे वर्तुळ दिसल्यास मोबाइल किंचित मागेपुढे करावा, पडद्यावर पक्ष्याला बोट लावून प्रकाश थोडा कमी करावा, म्हणजे पांढरी पिसे भगभगीत येणार नाहीत, आणि बोटाच्या धक्क्याने चित्र हलू नये म्हणून दोन-तीन सेकंदांचा टायमर ठेवावा. पत्नींची गोडी टिकली, तर पुढे मोबाइल धरून ठेवणारी कमान आणि घरची दुर्बीण घ्यावी. ऊन तापू लागले की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महागडे भिंग असले तरी लांबचा पक्षी धूसर येतो, म्हणून चित्रे शक्यतो साडेनऊपूर्वी काढून घ्यावीत.