ब्रिस्टलच्या शेपटाला ‘ल’ कुणी बांधला?

प्रश्न असा आहे: ‘ब्रिस्टॉलच्या मध्ययुगीन पुलावर लेख लिहितोय. “पूल” फारसी, म्हणून “सेतू” लिहू का?’

आधी ते ‘ब्रिस्टॉल’ खोडा. इंग्लंडातलं ते शहर ब्रिस्टल! वर्तमानपत्रांनी हा ‘टॉ’ कुठून पैदा केला देव जाणे. आणि कृपा करून लेखाला क्लिफ्टनच्या झुलत्या पुलाचा फोटो लावू नका, तो १८६४चा.

तुमचा पूल गावाच्या नावातच आहे. जुन्या इंग्रजीत हे गाव ‘ब्रिजस्टोव’. ‘ब्रिज’ काय ते सांगायला नको. खरा ऐवज ‘स्टोव’मध्ये. स्टोव म्हणजे जागा, लोक जमायचं ठिकाण. त्याचं नि आपल्या ‘स्था’चं मूळ एकच! स्थानाचं आपण ठाणं केलं, त्यांनी स्टोव. म्हणजे ब्रिस्टल हे चक्क ‘पूलठाणं’. (नाव पडलं ते आधीच्या लाकडी पुलावरून. दगडी पूल १२४७च्या सुमाराचा.)

मग ‘व’ जाऊन ‘ल’ कसा आला? ब्रिस्टलकरांची जीभ, दुसरं काय! शब्द ‘आ’वर संपला की त्यांना ‘ल’ चिकटवल्यावाचून राहवत नाही. आयडियाचं आयडियल, एरियाचं एरियल. त्यांच्यावरचा जुना विनोदच आहे: एका बापाच्या तीन मुली, ईव्हा, आयडा, नॉर्मा. घरात हाका मात्र ईव्हिल, आयडल, नॉर्मल. एक दुष्ट, एक आळशी, एक बरी!

काही पंडित हा ‘ल’ नॉर्मन (म्हणजे फ्रान्सातून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या) लेखनिकांच्या माथी मारतात. त्यांच्या फ्रेंचमध्ये ‘ल’चा ‘उ’ होई, म्हणून लिहिताना त्यांनी उलटा घोळ घातला, नसलेला ‘ल’ भरला म्हणे. असेल. पण मग ‘आयडियल’ कुठल्या नॉर्मनाने शिकवला?

हां, तुमचा पूल. दोन्ही अंगांना उंच घरं, खाली दुकानं, वर मेरीमातेचं चॅपल, मधून बोळाएवढा रस्ता. १७६८ साली नवा पूल खुला झाला, तोही जुन्याच खांबांवर उभा. त्याच्या टोलवरून १७९३मध्ये दंगल पेटली आणि गोळीबारात ११ जण गेले.

राहिला ‘सेतू’. त्या पुलावर लोक राहत होते, दुकानं मांडत होते. सेतू म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे वानरसेना उभी राहणार. पूलच लिहा. शिवाय फारसी ‘पूल’ आणि ऑक्सफर्डमधला ‘फर्ड’ (नदीचा उतार) एकाच मुळाचे, तेव्हा इंग्लंडात तो अगदीच उपरा नाही.