मासा चिरल्यानंतर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा काल रात्री दोनदा वाचली. एकदा भराभर, मग पेन्सिल घेऊन. दहा पानांत आईला अर्धांगवायूचा झटका येतो, नायकाची नोकरी जाते, फोन पाण्यात पडतो, आणि चारी बाजूंनी कोंडी झाल्यावर इस्पितळाच्या जिन्यात शाळेतला मित्र भेटतो. तोही नेमका मेंदूचा डॉक्टर! पेन्सिल तिथेच थांबली.

तू म्हणशील, 'पण असं घडतं की.' घडतं. एका खोलीत नुसती २३ माणसं जमली तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जरा जास्तच निघते. जगात योगायोग पैशाला पासरी मिळतात, म्हणूनच 'खरंच घडलं होतं' हा बचाव कथेत टिकत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आयुष्यात खपून जातं. कथेत मात्र वाचक वाकून फांदी तपासतो, लेखकाने आधीच करवत फिरवून ठेवली होती का म्हणून.

अ‍ॅरिस्टॉटलने एक किस्सा दिला आहे. अर्गोसमध्ये मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. तो कोसळला तो मिटिसच्या मारेकऱ्याच्याच अंगावर, आणि त्यात तो मेला. निव्वळ अपघात, पण त्यामागे कुणाचा तरी हेतू असावा असं वाटतं, म्हणून तो जास्त चकित करतो. त्याच माणसाच्या डोक्यात रस्त्याने जाताना एखादं कौल पडलं असतं, तर किस्सा उरलाच नसता.

आता शकुंतलेकडे ये. महाभारतातल्या तिच्या गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही; तिथे राजा सगळं आठवत असून ओळख नाकारतो. दोन्ही गोष्टी नाटकात आणल्या कालिदासाने, आणि कशा आणल्या ते बघण्यासारखं आहे. दुर्वास नेमके त्याच वेळी आश्रमात येतात हा योगायोग. पण शाप मिळतो तो शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी बुडालेली असते की दारात कोण आलं याचं तिला भान नसतं म्हणून. संकट बाहेरून आलं खरं. कडी काढली ती तिच्याच प्रेमाने.

पुढे अंगठी पाण्यात पडते, मासा ती गिळतो आणि तोच मासा जाळ्यात येतो. याहून अचाट योगायोग शोधून सापडायचा नाही. तरी त्या माशावर कुणी बोट ठेवत नाही. सहाव्या अंकाची सुरुवात पुन्हा वाच. राजाचे शिपाई कोळ्याच्या मुसक्या बांधून त्याला आणतात. तो परोपरीने सांगतो, रोहू चिरला तर पोटात ही निघाली. ऐकतो कोण? एकाचे हात तर त्याला मारायला शिवशिवताहेत. मग आतून बक्षीस येतं, त्याच शिपायांचे डोळे त्या पैशांवर खिळतात, कोळी मुकाट्याने अर्धी रक्कम काढून देतो आणि मंडळी दोस्ती साजरी करायला दारूच्या गुत्त्याकडे निघतात. या हावरटपणाच्या आडून मासा अलगद पार होतो! शिवाय अंगठी सापडली म्हणून शकुंतला सापडत नाही. राजाला फक्त आठवतं, आणि त्याचा खरा जाच तिथून सुरू होतो. मदतीला आलेला योगायोग आधी दुःखच पदरात टाकतो. तुझा डॉक्टर मात्र येतो तो थेट औषध घेऊन.

(हसू नकोस, पण माझ्या पहिल्या कथेत शेवटी नायकाला लॉटरी लागली होती. संपादकांनी समासात फक्त 'अभिनंदन' लिहून ती परत पाठवली.)

दुसरी तक्रार संकटांबद्दल. ती तीन आहेत याला माझी हरकत नाही, तीस घाल. पण तुझी तीन संकटं एकमेकांना ओळखतच नाहीत. रांगेत उभी राहून आपापला नंबर आला की नायकाला एकेक टोला मारून जातात. तिसऱ्या टोल्याला मला त्याची कीव येईना, कंटाळा आला.

फोनचाच प्रसंग घे. तू लिहिलंस, 'तेवढ्यात फोन हातातून निसटून पाण्यात पडला.' हे 'तेवढ्यात' काढ. नोकरी गेल्याचं त्याने घरी सांगितलेलं नाही. तो बेसिनपाशी तोंड धुतोय, कडेवर ठेवलेला फोन थरथरतो, बहिणीचं नाव दिसतं. उचलला तर आवाजावरून तिला कळेल, म्हणून साबणाच्या हातांनी तो कॉल तोडायला जातो आणि फोन सुळकन पाण्यात जातो. तो कॉल आईच्या झटक्याचा होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळू दे. आता नोकरी, फोन आणि आई एका दोऱ्यात आली, आणि 'माझं नशीबच फुटकं' म्हणायची सोयही त्याच्यापाशी उरली नाही.

डॉक्टरला काढू नकोस, पहिल्या दोन पानांतच आण. शाळेत असताना नायकाने स्वतःची चोरी त्याच्यावर ढकलली होती, एवढं तिथे येऊ दे. मग जिन्यातली भेट तू कितीही अचानक घडवलीस तरी मी तक्रार करणार नाही. नायक वर चढतोय, तो खाली उतरतोय, गळ्यात स्टेथोस्कोप. दोघांनी एकमेकांना ओळखलंय. आधी कोण बोलतं ते तू ठरव आणि तेवढं पान मला पाठव.

कळावे.