खेळण्यातलं शहर हवंय? मग आधी कॅमेरा वर ने

थ्रीडी शहर टेबलावरच्या छोट्या मॉडेलसारखं दिसायला हवं, तर कॅमेरा उंचावरून खाली बघू दे; मॉडेल आपण वरूनच बघतो ना! मग धूसरपणा, म्हणजे ब्लर. रेंडरवर, म्हणजे तयार झालेल्या चित्रावर, वर-खाली ब्लरचे पट्टे ओढू नकोस. उंच इमारतीचा पाया स्पष्ट आणि गच्ची धूसर दिसते, म्हणजे चोरी लगेच पकडली जाते. ब्लर अंतरानुसार हवा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं डेप्थ ऑफ फील्ड (ठरावीक अंतरावरचं स्पष्ट, बाकी धूसर) चालू कर. सीन खऱ्या मापाचा असेल तर एफ-स्टॉप (लेन्सच्या छिद्राचा आकडा; जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि ब्लर जास्त) २.८ ठेवून काहीच धूसर होणार नाही. ५० मिमी लेन्सला ०.०२ दे, म्हणजे छिद्र अडीच मीटरचं होतं. खऱ्या जगात अशक्य, पण इथे कोण विचारतंय! रेंडरला वेळ नसेल तर झेड-पास (प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर सांगणारं चित्र) काढून कंपोझिटरमध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडरनंतरच्या संपादनात, डिफोकस हा ब्लर लाव, कडा मात्र थोड्या फाटतात. रंग जरा भडक ठेव. आणि धुकं काढून टाक; टेबलावरच्या मॉडेलवर धुकं कुठून येणार?