मसाला निर्यातीत उतरताना: नाशिकच्या नव्या मित्रासाठी

भावा, आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड) काढलास, छान. पण मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणीही लागते, ती आधी कर.

2023-24 मध्ये भारताची मसाला निर्यात चार अब्ज डॉलरच्या वर गेली आणि त्यात सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या मिरचीचा होता. तुला मिरचीच घे असं मी सांगेन, कारण नंदुरबारचा बाजार आपल्याला जवळ आहे. मात्र खरेदीला जाशील तेव्हा भावाआधी पथारी, म्हणजे मिरची वाळवायची जागा, बघ. मिरची उघड्या जमिनीवर, दवात वाळली की बुरशी येते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. युरोपात मिरचीत अफ्लाटॉक्सिन बी1 ची मर्यादा किलोला फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना लालभडक, सुंदर दिसणारा मालही तिथे नापास होतो, आणि ते विष नंतर धुऊन किंवा निवडून पुरतं जात नाही. म्हणून ताडपत्रीवर किंवा ड्रायरमध्ये वाळवणारे शेतकरी शोध, त्यांना दोन पैसे जास्त दे. आपल्या द्राक्षवाल्यांना ग्रेपनेटमुळे (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन नोंदव्यवस्था) प्लॉटनिहाय नोंदींची सवय आहे. तसंच वहीखातं फवारणीसकट मिरचीचं ठेव.

जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड नको, वाफेची प्रक्रिया करून घे. 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच रसायनावरून काही भारतीय मसाले अडवले होते.

पावडरीच्या नादी सध्या लागू नकोस. अख्खी मिरची पाठव, प्रत्येक लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घे आणि रिपोर्ट हातात आल्यावरच न्हावा शेवा बंदरासाठी कंटेनर बुक कर.